गेम सुरू असताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो : बजेट बिल्डमध्ये दोष नेमका कुठे शोधायचा

विंडोज व्यवस्थित चालतं, यूट्यूब चालतं, ब्राउझरमध्ये कितीही टॅब उघडले तरी काही होत नाही. गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप परत सुरू होतो. विंडोज नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाले. दुकानात नेला तर तिथे अर्धा तास नुसत्या डेस्कटॉपवर चालवून ‘चालतोय की’ म्हणून परत दिला. घरी आणला आणि पुन्हा तेच.

पन्नास-साठ हजारांत असेंबल केलेल्या गेमिंग पीसीबद्दल मुंबईत मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. दर वेळी ऐकताना वाईट वाटतं, कारण हे पैसे बहुतेकदा पहिल्या पगारातून साठवलेले असतात, नाहीतर घरच्यांना महिनोन्‌महिने पटवून मिळवलेले असतात. आणि मग माणूस घाबरून सगळ्यात महागाची वस्तू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, बदलायला निघतो. दोष तिथे क्वचितच असतो.

माझा अनुभव असा की हा आजार बहुतेक वेळा खरेदीच्या यादीतच जन्माला येतो. प्रोसेसर आणि कार्ड यांचे मॉडेल नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतात. एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज पीसीच्या भागांना पुरवणाऱ्या डब्याचा, कुणी विचारलेलाच नसतो. पण म्हणून आज संध्याकाळीच नवा एसएमपीएस आणू नका. कुठला भाग दोषी आहे ते आधी सिद्ध करा, मग खिशात हात घाला. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे : आधी फुकट होणाऱ्या तपासण्या, खर्च सगळ्यात शेवटी.

नक्की काय होतं ते आधी बघा

‘बंद पडतो’ एवढं सांगून काही कळत नाही. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या भागाकडे बोट दाखवते.

क्षणात सगळं विझलं, पंखे थांबले आणि पीसी स्वतःहून परत सुरू झाला, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यायचा. विझल्यावर पॉवर बटण दाबूनही तो उठत नसेल, मागचा खटका बंद करून पुन्हा चालू केल्यावरच उठत असेल, तर संशय आणखी पक्का होतो. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाने वीज तोडली की ती अशीच अडकून राहते.

स्क्रीन काळी पडली, पण पंखे जोरात फिरताहेत आणि हेडफोनमध्ये मित्रांचा आवाज अजून येतोय, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा कार्डाला वीज देणारी केबल बघायची. चित्र गोठलं आणि आवाज एकाच सुरात अडकून घरघरत राहिला, तर रॅम. निळी स्क्रीन आली तर उलट बरंच झालं म्हणायचं, निदान विंडोजला काहीतरी सांगायला वेळ मिळाला.

ती निळी स्क्रीन वाचता यावी म्हणून आधी एक काम करा. अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढा. आता निळी स्क्रीन आली तर तिथेच थांबेल, फोटो काढता येईल.

मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद जवळपास नक्की सापडेल. ती बघून बरेच जण गुगलवर ‘४१ चा उपाय’ शोधत बसतात आणि त्यात आठवडे जातात. ही नोंद कारण सांगतच नाही. आधीच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढंच विंडोज पुढच्या वेळी सुरू होताना लिहून ठेवतं. खरी माहिती त्याच नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेककोड (विंडोजने पकडलेल्या चुकीचा आकडा) शून्य असेल तर विंडोजला तक्रार लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा यंत्र जागच्या जागी गोठलं. शून्याऐवजी आकडा असेल तर वाट रॅम आणि ड्रायव्हरकडे वळते. आजूबाजूला ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ नावाच्या नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, रॅमचा वेग किंवा मदरबोर्ड यांकडे आधी बघा.

या नोंदींचे फोटो काढून ठेवा. पुढे लागतात.

तपास भिंतीपासून सुरू करा

मुंबईतल्या घरांमध्ये, विशेषतः जुन्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत, एकाच बोर्डावरून काय काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. पीसीचं एक्स्टेन्शन काढा आणि प्लग थेट भिंतीत लावून बघा. ‘गेमिंग पीसीला एसीचा जाड पॉइंट लागतो’ असं काही जण ठासून सांगतात, तशी गरज नाही. ४०० वॉट खेचणारं यंत्र २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज घेतं, आणि साधा सॉकेटसुद्धा ६ अँपिअरचा असतो. प्रश्न ढिल्या सॉकेटचा असतो, स्वस्तातल्या पातळ वायरच्या एक्स्टेन्शनचा असतो. हात लावल्यावर प्लग गरम लागत असेल तर तो सॉकेट आधी बदलून घ्या.

यूपीएस असेल तर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, व्हीए म्हणजे वॉट नव्हेत. त्यावर पीसी, मॉनिटर आणि राउटर टाकला की गेमच्या ऐन भरात तो हात वर करतो. भांडुपला एका ओळखीच्या घरी पीसी फक्त संध्याकाळीच पडायचा, दिवसा तासन्‌तास ठणठणीत. सगळे त्या मुलाच्या गेमला दोष देत होते. यूपीएसच्या मागची वायर धरत गेलो तर ती बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत पोचली. संध्याकाळी आजींची मालिका सुरू झाली की यूपीएसवरचा भार मर्यादेपलीकडे जायचा. टीव्हीचा प्लग भिंतीत गेला आणि तक्रार संपली.

मुंबईत वीज फारशी जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळं शहर ठप्प झालं होतं तसे दिवस अपवादाने येतात. त्यामुळे आपल्या यूपीएसची परीक्षाच होत नाही आणि आतली बॅटरी मेली आहे हे वर्षानुवर्षं कळत नाही. मग एखाद्या क्षणी व्होल्टेज खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरीत काहीच नसतं आणि पीसी पडतो. दिवे मात्र नुसते लुकलुकतात, म्हणून ‘लाइट तर गेली नव्हती’ असं सगळे शपथेवर सांगतात. आणखी एक बारकावा असा की स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की गुळगुळीत साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून येणारी वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असलेल्या काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. म्हणून तपासापुरता यूपीएस पूर्ण बाजूला काढा आणि दोन-तीन दिवस थेट भिंतीवर खेळा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग पोचत नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलं की कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. रीस्टार्टचं कारण सहसा हे नसतं, तरी दुर्लक्ष करू नका. उद्या आत खरोखर शॉर्ट झालं तर वाचवणारी तार हीच. परवानाधारक वायरमनला बोलवा आणि घरमालक नाही म्हणाला तरी आग्रह सोडू नका.

एसएमपीएस : सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला ४५० किंवा ५०० हा आकडा सोडून द्या. खाली छोट्या तक्त्यात ‘+१२ व्ही’ असा रकाना असतो, त्यातले अँपिअर बघा. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर हिशेब १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. वर काहीही छापलेलं असो, कामाचा एसएमपीएस तुमच्याकडे २१६ वॉटचा आहे. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणाऱ्या एसएमपीएसमध्ये हा प्रकार सर्रास दिसतो.

आता गरज किती ते बघू. कोअर आय५ १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० ची अधिकृत मर्यादा १७० वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नासेक धरले की बेरीज ३४० च्या जवळ जाते. गेममध्ये प्रोसेसर पूर्ण जोरात नसतो, त्यामुळे सरासरी याहून कमीच राहते. पण एसएमपीएसला सरासरी मारत नाही, उसळी मारते. कार्ड मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी आपल्या मर्यादेच्या बरंच वर झेप घेतं. ही अडचण इतकी वाढली की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात ४५० वॉटवरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सोसली पाहिजे, अशी अट घालावी लागली. २१६ वॉटच्या डब्याकडून हे कसं व्हायचं? म्हणूनच तो डेस्कटॉपवर शांत चालतो आणि गेममध्ये स्फोटाचं दृश्य आलं की विझतो.

संशय फुकटात तपासायची एक पद्धत आहे, आणि सगळ्या तपासात मला तीच सगळ्यात उपयोगाची वाटते. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाका. ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात कार्डाचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, कार्ड तेवढं खाली जाऊ देत नसेल तर जाईल तेवढं. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा, म्हणजे प्रोसेसरचा टर्बो (जास्तीचा वेग) बंद होतो. आता नेहमीचाच गेम नेहमीएवढा वेळ खेळा. रीस्टार्ट थांबले तर दोष बहुधा वीज किंवा उष्णता या दोहोंतच आहे. तापमान कसं बघायचं ते पुढे येतंच. ते ठीक असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर.

याहून पक्कं हवं असेल तर ओसीसीटी या भाराची चाचणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी फक्त प्रोसेसरवर भार टाका, मग फक्त कार्डावर. दोन्ही वेळा पीसी टिकला आणि दोघांवर एकदम भार टाकल्यावर पडला, तर निकाल लागला. मात्र नाव-गाव नसलेल्या एसएमपीएसवर ही एकत्रित चाचणी लांबवू नका. पडायचा असेल तर तो मिनिटा-दोन मिनिटांत पडतो, आणि असे एसएमपीएस कधी कधी एकटे मरत नाहीत, मदरबोर्डही बरोबर नेतात. चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये (व्होल्टेज आणि तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) १२ व्होल्टचा आकडा बघत राहा. मानकाप्रमाणे तो ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवा. सेन्सर काटेकोर नसतो, पण भार वाढेल तसा आकडा १२.१ वरून ११.५ कडे घसरताना दिसला तर तेवढं पुरेसं आहे.

एसएमपीएस बदलायच्या आधी केबल मात्र बघा, कारण इथे पैसे वाचू शकतात. कार्डाच्या ८ पिनच्या कनेक्टरमधून १५० वॉट जायचे असतात. काही बिल्डमध्ये एसएमपीएसला ती केबलच नसते, मग साटाच्या (हार्ड डिस्क-एसएसडीच्या) पॉवर प्लगवरून ८ पिनचं कन्व्हर्टर जोडून वेळ मारून नेलेली असते. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे जेमतेम ५४ वॉट. तिथून १५० वॉट ओढले की प्लग वितळतो. असं कन्व्हर्टर दिसलं तर आजच काढा, कार्ड उतरवून ठेवावं लागलं तरी चालेल. आणि मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदललात तर जुन्या केबल कधीही नव्याला लावू नका. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी मॉडेलगणिक वेगळी असू शकते आणि क्षणात एसएसडी जळतो. एसएमपीएसचं झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात.

उष्णता

मुंबईत मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३२-३३ अंश नेहमीचेच. यूट्यूबवरचे परदेशी रिव्ह्यू वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेले असतात. खोली दहा अंशांनी गरम म्हणजे आतले आकडेही जवळपास तेवढेच वर, ही बेरीज खरेदीच्या वेळीच मनात करायची.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, आय५ १२४००एफ ची १००. तिथे पोचल्यावर गेम अडखळायला लागतो, फ्रेम पडतात, पण पीसी लगेच बंद होत नाही. त्यामुळे तुमची तक्रार ‘पंधरा मिनिटांनी गेम रेंगाळतो’ अशी असेल तर उष्णतेपासून सुरुवात करा. ‘अचानक विझतो’ अशी असेल तर उष्णता दुसऱ्या नंबरवर.

तपासणी सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून खेळा, मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच भाग पुन्हा खेळा. काच काढल्यावर आकडे सात-आठ अंशांनी उतरले तर कॅबिनेट गुदमरतंय. पुढून पूर्ण काच, आत तीन रंगीत पंखे, आणि त्या काचेमागून हवाच येत नाही, अशी कॅबिनेट बजेटमध्ये फार खपतात. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात ठेवलेला पीसीही याच कारणाने तापतो, तो आधी बाहेर काढा. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरच्या चार ढकलपिनांपैकी एक अर्धवट बसलेली असणं तर अगदी नेहमीचं. मदरबोर्डच्या मागून बघितलं की चारही पिना पूर्ण बाहेर आल्यात का ते कळतं.

रॅम, आणि पावसाळा

बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा आणि दोन दिवस खेळा. थांबलं, तर रॅम छापील वेगाला टिकत नाही किंवा बोर्डाला तो वेग झेपत नाही. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू द्या. एकही चूक दाखवली तर एकेक काडी वेगळी लावून परत तपासा. चार स्लॉटच्या बोर्डात दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बहुतेक बोर्डांच्या माहितीपत्रकात हेच लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तेच चुकलेलं असतं. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, वेगळ्या कंपनीच्या दोन काड्या एकत्र चालतीलच असं नाही. जोडीने एकाच पाकिटात मिळतात त्याच घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत दोरीवर कपडे वाळत असताना पीसी पंधरा दिवस बंदच राहिला, तर रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. समुद्राजवळच्या घरांत हे जास्त दिसतं. पूर्ण वीज काढून, काडी बाहेर घेऊन, पांढऱ्या मऊ खोडरबरने पट्टी हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा झटका आणि परत घट्ट बसवा. हा उपाय दुकानांत वर्षानुवर्षं चालत आलाय कारण तो खरोखर लागू पडतो. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ चालू ठेवणं हा त्याहून चांगला उपाय.

कार्डाची पाळी आता

डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका. कारखान्यातूनच वेग वाढवून येणारी काही कार्डं वय झाल्यावर तो वेग धरू शकत नाहीत, म्हणून आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक ५० मेगाहर्ट्‌झने कमी करून बघा. आणि शक्य असेल तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून तिथे तोच गेम खेळा. कार्ड तिथे व्यवस्थित चाललं तर त्याला दोष देणं सोडा.

वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडा. जुन्या कार्डाचा बायोस बदलून नव्या मॉडेलचं नाव चिकटवलेली कार्डं बाजारात फिरतात, आणि जीपीयू-झेड त्यातली बरीचशी ओळखून नावापुढे ‘फेक’ असं दाखवतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची (कार्डं राबवून नाणी मिळवायची) पद्धत सोडल्यावर मायनिंगमधली कार्डं ढिगाने सेकंडहँड बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नाहीत, पण पंखे झिजलेले आणि थर्मल पॅड सुकलेले असणार हे गृहीत धरूनच भाव करा.

पुढच्या वेळी यादी करताना

दोष सापडला की प्रश्न येतो, कुठे पैसे वाढवायचे आणि कुठून काढायचे. बजेट वाढत नाही हे गृहीत धरूनच सांगतो.

कार्ड निवडताना त्याचे वॉटही किंमतीसारखेच मोजा. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, आरटीएक्स ४०६० ला ११५. जुनं वापरलेलं आरएक्स ५८० स्वस्त दिसतं, पण ते १८५ वॉट खातं. मग एसएमपीएस मोठा लागतो, कॅबिनेटला जास्त हवा लागते, आणि महिन्याच्या वीजबिलात वाचवलेले पैसे हळूहळू परत जातात. या वर्गातल्या कार्डासाठी ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घेतला की पुढचं कार्डही त्यावर निघतं. ब्राँझचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही. म्हणून त्या मॉडेलचा उघडून केलेला रिव्ह्यू शोधून वाचाच.

सारख्या दिसणाऱ्या नावांत फार फसगत होते. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांत नुसत्या शंभराचा फरक वाटतो. ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी वाट) ३.०, तर ५६०० मध्ये ३२ एमबी आणि पीसीआयई ४.०. गेममध्ये कॅशचा फरक जाणवतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड पीसीआयईच्या फक्त चार लेनवर, म्हणजे अरुंद वाटेने, चालतं. ते ५५०० किंवा बी४५० बोर्डाबरोबर लावलं की पीसीआयई ३.० च्या, म्हणजे ४.० च्या निम्म्या वेगात अडकतं, आणि त्याची मेमरी ४ जीबीच असल्याने तो वेग वारंवार लागतो. मग अडखळणाऱ्या गेमचं खापर ड्रायव्हरवर फुटतं.

नावाच्या शेवटी एफ नसलेला इंटेल प्रोसेसर थोडा महाग पडतो, पण त्यात आतलं ग्राफिक्स असतं. कार्ड बिघडलं तरी पीसी चालू राहतो आणि दोष कार्डात आहे की बाकी यंत्रात, हे पाच मिनिटांत कळतं. कॉलेजचं काम त्याच पीसीवर करणाऱ्याला मी एफ घेऊ देत नाही.

पैसे काढायचे कुठून? काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे, लिक्विड कूलर, ओव्हरक्लॉकिंगचा बोर्ड. ६५ वॉटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर लावून २०० वॉटच्या एसएमपीएसवर चालवलेला पीसी बघितला की मला खरंच राग येतो, घेणाऱ्याचा नाही, यादी करून देणाऱ्याचा. जाळीचा पुढा असलेलं साधं कॅबिनेट, साधे दोन पंखे, आणि उरलेले पैसे एसएमपीएसला.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. कोटेशनवर ‘५५० वॉट एसएमपीएस’ असं लिहिलेलं मान्य करू नका, कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. रॅमचंही तेच. तुम्ही सांगितलेलं मॉडेल संपलंय आणि ‘सेम टू सेम’ दुसरं देतो असं म्हणाले, तर फोनवर १२ व्होल्टचे अँपिअर बघितल्याशिवाय हो म्हणू नका. प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर असलेलं जीएसटी बिल घ्या आणि खोके फेकू नका. असेंबल झाल्यावर तिथेच वीस मिनिटं भाराची चाचणी करून मागा. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत. परत येताना ग्रँट रोडहून गर्दीच्या लोकलमध्ये पीसी न्यायची वेळ आली तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं धरा. जड कार्ड स्लॉटमध्ये लटकत असताना बसलेले धक्के पुढे नेमक्या याच तक्रारी घेऊन परत येतात.

आणि आत्ताचा पीसी वॉरंटीत असेल तर दुकानात नुसतं यंत्र घेऊन जाऊ नका. पीसी विझतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, बगचेककोड दिसणारा इव्हेंट व्ह्यूअरचा फोटो, पॉवर लिमिट ७० टक्के केल्यावर टिकतो आणि १०० वर पडतो हे दाखवणारी चाचणी, आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, एवढं बरोबर असू द्या. ‘चालतोय की’ असं म्हणाले तर त्यांच्याच टेबलावर ओसीसीटीची एकत्रित चाचणी लावायला सांगा आणि ती पुरी होईपर्यंत तिथून हलू नका.